शिळ्या पावाची पान्झानेला: टस्कनीची मूळ कृती आणि इटलीच्या मातीतले तिचे बदल

पान्झानेला हे टस्कनीचे उन्हाळी सॅलड. शिळा पाव, पिकलेले टोमॅटो, लाल कांदा, काकडी, बेसिल, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर एवढेच त्यात लागते. शेगडी पेटवावीही लागत नाही. तरी ते बऱ्याचदा बिघडते, आणि बहुतेक वेळा पावापाशीच बिघडते. कुणी ताजा मऊ पाव भिजवतो आणि त्याचा लगदा होतो. कुणी लगद्याच्या भीतीने पाव भाजून कुरकुरीत तुकडे टाकतो, मग ताटलीत पाव वेगळा राहतो आणि भाजी वेगळी.

पान्झानेलाला प्रादेशिक वळण द्यायचे म्हणजे वरून मोझरेला किंवा बाल्सामिक व्हिनेगर घालायचे, असा समज सर्रास दिसतो. मला तो मान्य नाही. इटलीत एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले की आधी पाव बदलतो, आणि पावाच्या मागोमाग कांदा, काकडी, सुगंधी पाला, आंबटपणा सगळेच बदलते. म्हणून वळण द्यायचे असेल तर सुरुवात पावापासून करावी आणि त्या पावाच्या गावात जे पिकते तेच त्याच्या जोडीला घ्यावे. खाली आधी टस्कनीची मूळ कृती नीट दिली आहे, मग दक्षिणेतल्या पुलियाचे रूप सविस्तर, आणि शेवटी नेपल्स व लिगुरियाच्या किनाऱ्यावरची दोन रूपे थोडक्यात.

टोमॅटो नव्हता तेव्हा

आज टोमॅटोशिवाय पान्झानेलाची कल्पना करवत नाही, पण तो या ताटात उशिरा आला. १६व्या शतकात फ्लॉरेन्सचा चित्रकार ब्रॉन्झिनो कविताही करायचा. कांद्याचे गुणगान करताना त्याने चिरलेला कांदा, घोळीची भाजी आणि काकडी यांच्या सॅलडची तोंडभरून स्तुती केली आहे. टोमॅटोचा त्यात पत्ता नाही. टस्कनीत टोमॅटो पोहोचल्याची नोंद १५४८ची आहे, पिसामध्ये फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो दे मेदिची याच्या घरी आलेल्या टोपलीची. त्यानंतरही बराच काळ हे फळ नवलाईचेच राहिले. छापील पाककृतींत ते दिसू लागते थेट १६९०च्या दशकात, तेही नेपल्समध्ये.

हा इतिहास स्वयंपाकाच्याही कामाचा आहे. मुळात हे कांदा आणि काकडीचे, कष्टकरी माणसाचे सॅलड होते. टोमॅटो चांगले मिळत नसतील तेव्हा फिके, पिठूळ टोमॅटो घालून पान्झानेला करण्यापेक्षा टोमॅटो वगळून घोळ घालावी. घोळीच्या कोवळ्या शेंड्यांना स्वतःची आंबट चव आणि किंचित बुळबुळीतपणा असतो, तो भिजलेल्या पावाशी फार चांगला जमतो. टस्कनीच्या आतच मिळणारे हे सर्वांत जुने वळण आहे आणि ते अजून पुरेसे ओळखले जात नाही, याची मला खंत वाटते.

पाव: सगळे इथे ठरते

टस्कनीच्या पावात मीठ नसते. त्यामागे पिसाने फ्लॉरेन्सचे मीठ अडवल्याची गोष्ट सांगितली जाते, मिठावरच्या कराचीही सांगितली जाते. कारण काहीही असो, 'पाने तोस्कानो' या नावाने २०१६ साली युरोपीय संघाचे डीओपी, म्हणजे मूळस्थानाच्या नावाचे, संरक्षण मिळालेला हा पाव आजही बिनमिठाचाच असतो. तो आंबवणासाठी राखलेल्या नैसर्गिक खमिरावर फुगवतात आणि त्याचे पीठ टस्कनीत पिकलेल्या मऊ गव्हाचे असते.

मीठ पाणी धरून ठेवते. ते नसल्यामुळे हा पाव लवकर सुकतो आणि दोन-तीन दिवसांत कडक होतो. टस्कनीच्या घरांत त्यामुळे शिळ्या पावाचे पदार्थ भरपूर: टोमॅटोची घट्ट पाप्पा आल पोमोदोरो, भाज्यांची रिबोल्लीता आणि उन्हाळ्यात पान्झानेला.

पाव शिळा होणे म्हणजे फक्त सुकणे नव्हे. भाजताना पावातला स्टार्च पाणी शोषून मऊ होतो आणि थंड झाल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा रांगेत बसून घट्ट होतात. असा घट्ट झालेला पाव गार पाण्यात भिजवला की पाणी पितो पण आपली जाळी सोडत नाही. ताज्या पावाची जाळी अजून मऊ असते, ती पाण्यात कोसळते. ताजा पाव ओव्हनमध्ये वाळवून काम भागवता येते, पण तो शिळ्या पावाइतका चांगला भिजत नाही. शक्य असेल तर दोन ते चार दिवस वाट पाहावी. पाव कागदी किंवा कापडी पिशवीत, हवेशीर ठेवावा. प्लास्टिकमध्ये ठेवला तर तो कडक होण्याआधी बुरशी धरतो, आणि बुरशीचा ठिपका दिसलेला पाव पूर्ण टाकून द्यावा, तेवढाच भाग कापून उरलेला वापरू नये.

टस्कनीचा पाव हाती नसेल तर नावापेक्षा गुण बघावेत: पीठ, पाणी, खमीर एवढ्यावर केलेला, जाड कडक आवरणाचा, आत लहानमोठ्या छिद्रांचा पाव. लोणी, दूध, साखर घातलेला चौकोनी पाव कितीही शिळा असला तरी इथे चालत नाही, भिजवताच त्याची खळ होते. पावात मीठ असेल तर पुढे सांगितलेले मीठ निम्मे करावे आणि शेवटी चव बघून वाढवावे.

साहित्य, चार जणांसाठी

शिळा बिनमिठाचा पाव ३०० ग्रॅम
पिकलेले पण घट्ट टोमॅटो ५०० ग्रॅम
लाल कांदा १ मध्यम, साधारण १२० ग्रॅम
काकडी १, साधारण २०० ग्रॅम
बेसिलची १५ ते २० पाने
एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ५ मोठे चमचे
लाल वाइनचे व्हिनेगर ३ मोठे चमचे, शिवाय भिजवणीसाठी २ चमचे
मीठ, ताजी भरडलेली मिरी

टस्कनीतच खरेदी करत असाल तर टोमॅटोत फ्लॉरेन्सचा 'कोस्तोलुतो' शोधावा, खोल घड्यांचा, चपटा, भरपूर गराचा. कांदा फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या दरम्यानच्या चेर्ताल्दो गावचा. या गावाच्या मानचिन्हावरच कांदा आहे. तिथे दोन जाती होतात: उन्हाळ्यातली गोल, जांभळट, गोडसर 'स्तातीना' आणि थंडीतली तिखट 'वेर्नीना'. कच्च्या सॅलडला स्तातीना घ्यावी. तेल टस्कनीचे असले तर उत्तम, कारण त्याचा हलका कडवटपणा आणि घशाला लागणारा तिखटपणा बिनमिठाच्या पावाला हवाच असतो.

लेबल वाचताना एक फरक लक्षात ठेवावा. लाल-पिवळ्या शिक्क्याचे डीओपी म्हणजे पदार्थ पिकवण्यापासून तयार होईपर्यंतचे सगळे टप्पे त्याच भागात झालेले. निळ्या-पिवळ्या शिक्क्याच्या आयजीपीला निदान एक टप्पा तिथे झालेला पुरतो. बाटलीवर टस्कनीच्या टेकड्यांचे चित्र असणे यापैकी काहीच सिद्ध करत नाही.

बाल्सामिक व्हिनेगर इथे नको. ते मोदेनाचे, म्हणजे एमिलिया-रोमान्या प्रांताचे. त्याचा गोडवा आणि काळा रंग दोन्ही या सॅलडवर पसरतात आणि टोमॅटोची चव मागे पडते.

कृती

आधी कांदा. तो उभा, जितका जमेल तितका पातळ चिरावा आणि गार पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून त्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. कच्च्या कांद्याचा उग्रपणा ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो त्यातली बरीच पाण्यात उतरतात, आणि व्हिनेगरमुळे कांद्याचा जांभळा रंग उजळ गुलाबी होतो. हे पाणी नंतर टाकून द्यावे.

कांदा भिजतोय तोवर टोमॅटो मोठ्या फोडींत कापावेत. फोडी चाळणीत घ्याव्यात, चाळणीखाली वाडगा ठेवावा, वरून एक लहान चमचा मीठ घालून हाताने हलकेच कालवावे आणि १५ ते २० मिनिटे सोडून द्यावे. मिठाने सुटलेला रस वाडग्यात जमतो. हा रस म्हणजे या सॅलडचा खरा मसाला. त्यात टोमॅटोचा गोडवा, आंबटपणा आणि बियांभोवतीच्या गराची चव एकवटलेली असते. म्हणूनच बिया काढून टाकण्याची पद्धत मला पटत नाही.

काकडी सोलून, जून असेल तर बिया काढून, पातळ अर्धचकत्या कराव्यात. काकडी घालावी की नाही यावर टस्कनीतही एकमत नाही. मी घालते, कारण मऊ पावात दाताखाली काहीतरी करकरीत यायला हवे.

आता पाव. दोन बोटे जाडीचे तुकडे कापावेत. आवरण अगदी दगडासारखे झाले असेल तर तेवढे काढावे, नाहीतर राहू द्यावे. पसरट भांड्यात गार पाणी आणि एक चमचा व्हिनेगर घेऊन त्यात तुकडे बुडवावेत. पाणी गारच हवे. कोमट पाण्यात पाव फार लवकर सैल पडतो. दोन दिवसांच्या पावाला पाच मिनिटे पुरतात, चार दिवसांच्या कडक पावाला १५ मिनिटेही लागू शकतात. घड्याळाकडे बघण्यापेक्षा एक तुकडा मधोमध फाडून बघावा. आत कोरडी पांढरी गाठ दिसली तर अजून थांबावे, आणि तुकडा उचलताना आपोआप तुटायला लागला तर लगेच बाहेर काढावा.

पिळण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. एका वेळी मूठभरच पाव घ्यावा. दोन्ही तळव्यांत धरून एकसारखा दाब वाढवत न्यावा, कपडे पिळतो तसा पीळ देऊ नये. पिळाने पावाची जाळी फाटते आणि पीठ बाहेर येते. सुरुवातीला पाणी धारेने गळते, मग थेंबाथेंबाने, मग थांबते. थांबले की हात उघडावा. गोळा तळव्याला चिकटला नसेल आणि बोटांनी चोळताच मोकळ्या, ओलसर, जाडसर कणांत सुटत असेल तर पाव जमला. चिकट पेस्ट हाताला लागली तर पाव ताजा होता किंवा जास्त भिजला. अशा वेळी तो चाळणीवर पसरून अर्धा तास वाऱ्यावर ठेवला तर बराचसा सावरतो.

पिळलेला पाव मोठ्या पसरट भांड्यात बोटांनी मोकळा करावा. अगदी बारीक चुरा नको, मध्येमध्ये नखाएवढे तुकडे राहिलेले बरे.

टोमॅटोच्या रसात ३ चमचे व्हिनेगर, मिरी आणि निम्मे तेल घालून फेटावे आणि हे मिश्रण आधी एकट्या पावावर ओतून दोन मिनिटे मुरू द्यावे. भाज्या आधी मिसळल्या तर त्यांच्यावर तेलाचा थर चढतो आणि रस भांड्याच्या तळाशी जातो. पावाने रस प्यायला की टोमॅटो, निथळलेला कांदा आणि काकडी घालून हाताने खालून वर असे हलकेच कालवावे. चमच्याने ढवळले की पाव चेचला जातो.

भांडे झाकून निदान एक तास ठेवावे. खोली थंड असेल तर बाहेरच. थंडीने टोमॅटोचा सुगंध मरतो, म्हणून फ्रिज हा नाइलाजाचा मार्ग. कडक उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावे लागलेच तर वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढावे, नाहीतर तेल थिजलेले राहते आणि तोंडात मेणचट लागते.

तासाभराने चव बघितली की कळते, कालवताना नेमके वाटलेले मीठ आणि व्हिनेगर आता कमी पडते आहे. पाव दोन्ही गिळून टाकतो. त्यामुळे अंतिम चव नेहमी मुरल्यानंतरच लावावी: चिमूटभर मीठ, गरज वाटली तर चमचाभर व्हिनेगर आणि राखून ठेवलेले तेल. बेसिल अगदी शेवटी, सुरीने न चिरता हाताने तोडून. आधी घातले तर पाने काळी पडतात.

पुलियाचे वळण: चालेद्दा

इटलीच्या टाचेकडे, पुलियात आणि शेजारच्या मातेरा भागात, हेच काम 'चालेद्दा' करते. तिचा पाया आल्तामुराचा पाव. तो मऊ गव्हाच्या पिठाचा नसून दुरुम या कठीण गव्हाच्या, दोनदा दळलेल्या बारीक पिवळसर रव्याचा असतो. त्यात मीठ असते आणि आवरण निदान तीन मिलिमीटर जाड असावे असा नियमच आहे. २००३ साली डीओपी मिळालेला हा युरोपातला पहिला पाव. गहू आल्तामुरा, ग्राविना, पोज्जोर्सिनी, स्पिनाझोला आणि मिनेर्विनो मुर्जे या पाच गावांच्या परिसरातला लागतो.

दुरुम गव्हाचा हा पाव ओलावा जास्त दिवस धरतो आणि भिजल्यावर दाताला जास्त जाणवतो. त्यामुळे टस्कनीची भिजवून पिळण्याची रीत इथे लावू नये. इथे पाव बुडवायचा नाही, त्याला पाणी पाजायचे.

चार जणांसाठी तीन-चार दिवसांचा ४०० ग्रॅम पाव घ्यावा आणि आवरणासकट दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. ४०० ग्रॅम लहान, गोड टोमॅटो अर्धे कापून थोडे पिळून मोठ्या भांड्यात टाकावेत. त्यात आक्वाविवा देल्ले फोन्ती गावचा चपटा, गोड लाल कांदा पातळ चिरून घालावा. हा कांदा इतका सौम्य असतो की पाण्यात भिजवायची गरज पडत नाही. एक लहान चमचा वाळलेला ओरेगानो हातावर चुरून, ५ मोठे चमचे तेल, बेताचे मीठ आणि अर्धा कप गार पाणी घालून हे सगळे २० मिनिटे ठेवावे. टोमॅटो, मीठ, तेल आणि पाणी मिळून पातळ, चवदार रस्सा तयार होतो. तो पावावर ओतून, दोनदा वरखाली करून, दहा मिनिटांत वाढावे. आवरणाकडचा भाग किंचित कडक राहिलेला असतानाच चालेद्दा खावी. पान्झानेलासारखी तासभर मुरवली तर तिची मजा जाते.

काकडीच्या जागी इथे 'बारात्तिएरे' येते. ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरबुजाची जात. कच्ची, हिरवी असतानाच काढून काकडीसारखी खातात. ती कडू नसते आणि गोडसर, पाणीदार असते. नसेल तर कोवळी काकडी घ्यावी, पण मग मीठ घालून दहा मिनिटे निथळू द्यावी. व्हिनेगर मी इथे घालत नाही. ओरेगानो आणि टोमॅटोच्या आंबटपणावर हे सॅलड पुरेसे उभे राहते, आणि व्हिनेगर टाकले की ती पुन्हा पान्झानेलाकडे झुकते. पुलियाचे तेल, विशेषतः कोरातिना जातीच्या ऑलिव्हचे, चांगलेच कडवट आणि तिखट असते. गोडसर रव्याच्या पावावर ते फार शोभते.

नेपल्स आणि लिगुरिया, थोडक्यात

नेपल्सकडे पावाऐवजी 'फ्रेसेल्ला' असते, दोनदा भाजलेली कडक कडी. ती गार पाण्यात काही क्षण बुडवून लगेच काढायची आणि ताटलीत दोन मिनिटे ठेवायची म्हणजे ओलावा आत पोहोचतो. वर व्हेसुवियसच्या उतारावरचे, घोसात बांधून टांगलेले छोटे टोक असलेले टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. मीठ घालण्याऐवजी अमाल्फी किनाऱ्यावरच्या चेतारा गावच्या कोलातुराचे काही थेंब घालून बघावेत. मिठात मुरलेल्या अँचोवी माशांतून गळणारा हा तपकिरी अर्क फार खारट असतो. चार फ्रेसेल्लांना एक लहान चमचा तेलात कालवून पुरतो, आणि वेगळे मीठ मुळीच घालू नये.

लिगुरियात कामोल्यीच्या खलाशांची 'कापोनाद्दा' आहे. तिचा पाया जहाजावर महिनोन्‌महिने टिकणारे गोल कडक बिस्किट, 'गाल्लेत्ता'. त्याला आधी लसूण चोळायची, मग पाणी आणि व्हिनेगरच्या मिश्रणात ओले करून तुकडे करायचे. वर खारवलेले अँचोवी, केपर्स (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या), ताज्जास्का ऑलिव्ह, टोमॅटो आणि मिळाला तर वाळवलेला ट्यूना. अँचोवी आणि केपर्स मिठात जपलेले असतील तर वाहत्या पाण्याखाली धुऊन दहा मिनिटे पाण्यात ठेवावेत, नाहीतर सगळे ताट खारट होते.

या चार रूपांची सरमिसळ करण्याचा मोह होतो. पान्झानेलात ओरेगानो, चालेद्दात व्हिनेगर, दोन्हींत केपर्स. खायला वाईट लागत नाही, पण कुठल्याच जागेचे राहत नाही. त्यापेक्षा एका वेळी एकच गाव निवडावे आणि एखादी वस्तू मिळाली नाही तर दुसऱ्या प्रांतातली आणण्याऐवजी ती सरळ वगळावी. बेसिल नसेल तर पान्झानेला बेसिलवाचून होते. कांदा, पाव आणि तेल मात्र उत्तम हवे.

वाढणे आणि उरलेले

पान्झानेला खोल ताटलीत, जेवणाच्या सुरुवातीला वाढतात. उकाड्यात तेच पूर्ण जेवण म्हणूनही चालते, सोबत उकडलेले अंडे किंवा तेलातला ट्यूना पुरे. उरलेली झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते, फक्त काळी पडलेली बेसिलची पाने काढून नवीन घालावीत आणि चमचाभर व्हिनेगरने तिला जाग आणावी. चालेद्दा आणि फ्रेसेल्ला उरवू नयेत, त्या लगेच संपवण्याच्या. उद्यासाठी काही राखायचेच असेल तर कोरडा पाव वेगळा ठेवावा आणि टोमॅटोचा रस्सा वेगळा.